नवेगावबांधच्या काठी : मर्यादेतला एक दिवस

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा जैन घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामातील हा गाथापती. चार कोटी सुवर्णमुद्रा कोषात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात अशी त्याच्या संपत्तीची मांडणी होती. भगवान महावीरांकडून बारा व्रते घेताना त्याने जमीन, गोधन, गाड्या या सर्वांचे परिमाण केले, आणि त्या यादीत नौकाही होत्या. दूरच्या प्रवासासाठी चार, मालवाहतुकीसाठी चार. त्याहून अधिक नाही. घरी परतल्यावर त्याने पत्नी शिवानंदेला ही वार्ता सांगितली आणि तिनेही भगवंतांपाशी जाऊन श्राविकाव्रते घ्यावीत असे सुचविले. ती गेली, तिनेही व्रते घेतली. व्यापार, नौका, पाणी आणि पती-पत्नींनी मिळून पाळलेली मर्यादा या चारही गोष्टी या एका कथेत एकत्र आल्या आहेत.

आजच्या जैन व्यापारी घरात नौका क्वचितच उरली आहे. उरलेली नाही असे दुसरे काही असेल, तर ते म्हणजे पती-पत्नींनी केवळ दोघांनी मिळून काढलेला एखादा दिवस. प्रवास घडतात, पण ते लग्नकार्याचे, संघयात्रेचे किंवा खरेदीचे असतात. दुकान उघडे असते तेव्हा घर त्याच्यामागे धावते आणि दुकान बंद असते तेव्हा पाहुण्यांच्या सरबराईत. अशा दांपत्याला दूरच्या समुद्रापर्यंत जाणे जमत नसेल, तर पाण्याकाठी थांबण्याचे एक गाव पूर्व विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातच आहे. त्याचे नाव नवेगावबांध.

गोंदिया हे तांदळाच्या गिरण्यांचे आणि धानाच्या व्यापाराचे शहर. तेथून साधारण ६५ किलोमीटरवर, अर्जुनी मोरगाव तालुक्यात हे गाव वसले आहे. गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावरील देवलगाव हे जवळचे स्थानक. रस्त्याने येणाऱ्यांना साकोलीकडूनही येता येते. पहाटे निघालेले दांपत्य नवकारशीच्या वेळेपर्यंत तलावाच्या पाळीवर पोहोचू शकते. समोर पसरलेले पाणी सुमारे ११ चौरस किलोमीटरचे आहे. भोवती टेकड्यांची रांग आहे. लोक तिला 'सात बहिणी' म्हणतात. पाण्याच्या मध्यभागी मालडोंगरी नावाचे बेट आहे. प्रथमच येणाऱ्याला हे सारे निसर्गानेच घडविले असावे असे वाटते. परंतु हा तलाव माणसाने बांधलेला आहे आणि त्याचे वय सुमारे तीनशे वर्षांचे आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधल्या खिंडी मातीच्या पाळीने अडवून हा बांध घातला. कोहळी हा पूर्व विदर्भातील तलाव बांधण्यात निष्णात असलेला शेतकरी समाज. जो जंगल साफ करील आणि तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन द्यावयाची, असे गोंड राजांचे धोरण होते, असे परंपरा सांगते. त्या धोरणातून आणि कोहळ्यांच्या कसबातून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत सहा हजारांहून अधिक तलाव उभे राहिले. जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखायचा, पाळीला माती कोठली घ्यायची ते ठरवायचे, पाणी सोडण्यासाठी 'तुडूम' बसवायचे आणि पाटांनी ते बांधीबांधीपर्यंत न्यायचे, हे सारे ज्ञान तोंडी चालत आलेले होते. कोलू पाटलांना लोकांनी पुढे 'कोलासूर' या नावाने देवत्व दिले. त्यांचे ठाणे पाळीजवळच आहे. ज्याने स्वतःच्या हयातीपलीकडच्या पिढ्यांसाठी पाणी साठविले, त्याची स्मृती गावाने अशी जपली.

व्यापारी कुटुंबाने येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. गोंदियाच्या बाजारात जे धान येते, त्याच्या रोवणीला पावसाने दगा दिला की अशाच तलावांचे पाणी लागते. आडतीच्या गादीवर बसणाऱ्याला पोते दिसते, भाव दिसतो, ओलाव्याचे प्रमाण दिसते. पाळ दिसत नाही. नवेगावबांधच्या पाळीवरून चालताना एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली पसरलेल्या धानाच्या बांध्या अशी दोन्ही चित्रे एकाच दृष्टिक्षेपात येतात, आणि आपल्या पेढीचे मूळ भांडवल नेमके कोठे साठविलेले आहे याचा उलगडा होतो.

या मुक्कामाचा उत्तम काळ कार्तिकी पौर्णिमेनंतरचा. चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि श्रावकांनी आवरता घेतलेला प्रवासही मोकळा होतो. योगायोग असा की त्याच सुमारास उत्तरेकडील थंड प्रदेशांतून हजारो मैलांचा प्रवास करून पाहुणे पक्षी या भागातील तलावांवर उतरू लागतात. मार्गशीर्ष-पौषाच्या सकाळी पाण्यावर धुक्याचा पातळ थर असतो. अडई बदकांचे थवे शीळ घालत उठतात, काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी पाणवनस्पतींत चरत असतात, कमळपक्षी आपल्या लांब बोटांनी पानांवरून चालतो आणि पाणकावळे पंख पसरून उन्हात बसलेले असतात. हिमालयाच्या शिखरांवरून उडत येणारे पट्टकादंबही या प्रदेशातील जलाशयांवर हिवाळ्यात येतात.

नौकाविहाराची सोय चालू आहे किंवा नाही, याची चौकशी आधीच करून जावे. निवड करण्यास वाव असेल तर यंत्राच्या बोटीपेक्षा वल्ह्याची नाव घ्यावी. यंत्राचा आवाज पाण्यावर दूरवर जातो. चरत असलेला थवा उठतो आणि त्याला पुन्हा स्थिर होण्यास वेळ लागतो. हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला हिवाळ्यात परतीच्या प्रवासासाठी शरीरात चरबी साठवायची असते. त्याला वारंवार उठविणे म्हणजे त्याच्या शिदोरीतून घास काढून घेणे होय. जीवरक्षक जाकीट अंगात घालणे मात्र प्रत्येक नावेत आवश्यक आहे. जिवाची जपणूक स्वतःपासूनच सुरू होते.

नावेत बसल्यावर एक प्रश्न जैन मनाला टोचल्याखेरीज राहत नाही. या परिसरात पाण्याचा जाणकार म्हणजे ढिवर समाज. डोंगा कसा वळवावा, वारा कोणत्या बाजूने उठेल, कोठे पाणी उथळ आहे, हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नाही. आणि त्याची पिढीजात उपजीविका मासेमारीची. तलावांतील मासेमारीचे ठेके या समाजाच्या सहकारी संस्थांकडे असतात. अहिंसेचे व्रत सांभाळणाऱ्या कुटुंबाने अशा माणसाच्या नावेत बसावे काय? बसून त्याच्याशी कसे वागावे?

या प्रश्नाचे सोपे उत्तर म्हणजे डोळेझाक. दुसरे सोपे उत्तर म्हणजे तिरस्कार. दोन्ही अहिंसेला धरून नाहीत. ज्याच्यापाशी शेतजमीन नाही, ज्याचा वारसा केवळ पाण्याचा आहे, त्याची निंदा करणे हीसुद्धा भावहिंसाच. उलट, जाळे न टाकता मिळालेली मजुरी हा त्याच्यासाठी उपजीविकेचा दुसरा मार्ग आहे. नावेचे भाडे घासाघीस न करता द्यावे, त्याच्या ज्ञानाचा आदर करावा, पक्ष्यांची स्थानिक नावे त्याच्याकडून शिकावीत. दुकानात 'एकच भाव' ही पाटी लावणाऱ्याने पाण्यावर भाव पाडून मागणे शोभत नाही.

याच ढिवर समाजाविषयी आणखी एक गोष्ट व्यापारी समाजाने जाणून घ्यावी अशी आहे. अर्जुनी मोरगाव परिसरातील काही ढिवर सहकारी संस्थांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने आपापले तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम हाती घेतले. तलावात माजलेली बेशरमाची झुडपे त्यांनी उपटून काढली, तळ तयार केला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्या वनस्पतींच्या आधाराने स्थानिक जलचर परतले आणि त्यांच्यामागोमाग पक्षीही परतले. तलावाचे दुखणे काय आहे, हे ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांनी ओळखले आणि कोणाची वाट न पाहता हाताने काम केले. त्यांच्या आहाराशी श्रावकाचे जमणार नाही. परंतु तलाव वाचला पाहिजे, या एका मुद्द्यावर दोघांचा धर्म एकच ठरतो.

श्रावकाच्या बाजूने तो धर्म शास्त्रात स्पष्ट नोंदलेलाही आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी प्रतिक्रमणाच्या निमित्ताने अनेकांच्या तोंडी असते. अंगारकर्म, वनकर्म, दंतवाणिज्य, विषवाणिज्य यांच्या रांगेत एक कर्म आहे सरोवर, डोह आणि तलाव यांचे शोषण, म्हणजे पाणी आटवून जलाशय कोरडा करण्याचा धंदा. पाण्यात असंख्य त्रस जीव असतात आणि पाणी स्वतःही अप्काय जीव आहे. म्हणून जलाशय सुकविणे हा केवळ नुकसानीचा नव्हे, तर महाहिंसेचा व्यवहार मानला गेला. आनंदाला ज्या मर्यादा सांगितल्या गेल्या, त्यांत हीसुद्धा होती.

आज कोणी श्रावक तलाव सुकविण्याचा धंदा करीत नाही, असे सहज म्हणता येईल. पण तलाव हळूहळूही सुकतो. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून लोक त्यांना 'माजी मालगुजारी', थोडक्यात 'मामा तलाव' म्हणू लागले. मालकी बदलली, पण दरवर्षी गाळ काढण्याची, पाळ डागडुजीची, पाट साफ करण्याची गावाची जुनी रीत अनेक ठिकाणी सैल झाली. गाळाने तळ वर आला, काठाने अतिक्रमण सरकत आले, काही ठिकाणी तलावाची जागा प्लॉट म्हणून मोजली जाऊ लागली. शहरालगतच्या पाणथळ जागेत भर टाकून उभे राहिलेले गोदाम किंवा सभागृह विकत घेताना खालची जमीन पूर्वी काय होती, हे कितीजण विचारतात? पंधरा कर्मादानांतील तो एक शब्द आज सातबाऱ्यावरच्या नोंदीत शोधावा लागतो.

गोंदिया जिल्ह्यात या प्रश्नाला एक पक्षीरूपही आहे. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच. मान उंचावली की माणसाच्या उंचीला येतो. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ गोंदिया आणि त्याला लागून असलेल्या भागापुरताच उरला आहे. सारसाची जोडी एकदा जमली की सहसा आयुष्यभर टिकते. नर आणि मादी मिळून पाणथळ जागेत किंवा धानाच्या बांधीतच गवताचे घरटे रचतात, आळीपाळीने अंडी उबवितात आणि एकत्र पिल्ले वाढवितात. तलाव आटले, काठच्या पाणथळी नष्ट झाल्या, शेतात कीटकनाशके वाढली, विजेच्या तारा आडव्या आल्या, तशी त्यांची संख्या घटत गेली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटीची स्वतःहून दखल घेतली. गोंदियातील 'सेवा' ही संस्था शेतकऱ्यांना सोबत घेऊन सारसांची गणना आणि घरट्यांची राखण करीत आली आहे. आपल्या बांधीत घरटे दिसले की तेवढा तुकडा न कापता सोडणारा शेतकरी परिग्रहाचे परिमाण प्रत्यक्ष करून दाखवितो. त्याच शेतकऱ्याचे धान बाजारात आले, तर त्याला दोन शब्द कौतुकाचे आणि दोन पैसे अधिक देणे आडत्याला कठीण नाही.

नवेगावबांध आणि जैन वाङ्मय यांना जोडणारा एक धागाही आहे. ज्येष्ठ अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला दीर्घकाळ वास्तव्य केले. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचे पुस्तक त्या काळाचे आहे. याच चितमपल्लींनी संस्कृत पंडिताच्या सहकार्याने 'मृगपक्षिशास्त्र' हा ग्रंथ मराठीत आणला. त्याचे मूळ कर्ते हंसदेव हे तेराव्या शतकातील जैन पंडित. पशुपक्ष्यांचे रूप, स्वभाव, वय, ऋतुचर्या यांचे वर्णन त्यांनी सतराशेंहून अधिक श्लोकांत केले आहे. प्राण्यांचे रक्षण करायचे तर प्रथम त्यांचे ज्ञान हवे, हा त्या ग्रंथामागचा विचार. जीवदया ही केवळ भावना नसून अभ्यासही आहे, हे एका जैन लेखकाने सात शतकांपूर्वी दाखवून दिले होते.

त्या अभ्यासाअभावी आपली दया कधी कधी अपाय करते. तलावावर गेलेली कुटुंबे हौसेने कणकेच्या गोळ्या, कुरमुरे, शेव पाण्यात टाकतात. वन्य जलाशयातील जीवांना त्याची गरज नसते. उरलेले अन्न कुजते, पाण्यातील प्राणवायू कमी करते आणि त्यातच अधिक जीव दगावतात. घरच्या काचपेटीतील मासे 'मोकळे' करण्यासाठी तलावात सोडणेही असेच. बाहेरून आलेला जीव स्थानिक जीवांचे अन्न आणि आसरा हिरावू शकतो. आपल्या पूर्वजांनी याबाबत अतिशय सूक्ष्म विचार केला होता. पाणी गाळल्यावर वस्त्रावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत परत सोडायची. एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात टाकायचा नाही. गाळणीच्या या नियमात जे सांगितले आहे, तेच आजचे जलशास्त्र वेगळ्या शब्दांत सांगते.

मुक्कामाचे नियोजन त्यामुळे सोपे होते. गाळून उकळलेले पाणी घरून न्यावे, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्यांचा प्रश्न उद्भवत नाही. ठेपले, दशम्या, कोरडी चटणी, खाखरे पुरेसे होतात. डबे आणि कागद परत आणावेत. हिवाळ्यात या पूर्वेकडील भागात सूर्य साडेपाचनंतर लवकरच मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी पाच वाजेपर्यंत भोजन आटोपावे. पक्ष्यांची खरी हालचाल सकाळी असल्याने पाण्यावरचा वेळ पहिल्या दोन-तीन तासांतच काढावा आणि दुपार पाळीवरच्या सावलीत घालवावी. १९७५ मध्ये घोषित झालेले नवेगाव राष्ट्रीय उद्यान याच परिसरात आहे. २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्याच्या प्रवेशाचे नियम स्वतंत्र आहेत. एका दिवसात सर्व काही पाहण्याचा अट्टहास धरला, तर तलावही हातून जातो आणि जंगलही.

दुपारच्या त्या सावलीत दोघांना बोलण्यास वेळ मिळतो, आणि या प्रवासाचे खरे कारण तेच असावे. आनंद श्रावकाने चौदा वर्षे व्रते पाळून पंधराव्या वर्षी नातलगांसमक्ष कुटुंबाचा भार ज्येष्ठ पुत्रावर सोपविला आणि तो पौषधशाळेत गेला. साठीच्या आसपासच्या प्रत्येक व्यापारी घरात हा प्रश्न कधी ना कधी दार ठोठावतो. किल्ल्या केव्हा सोपवायच्या? मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीत असेल, तर पेढी चालवायची कोणासाठी? सुनेला तिचे शिक्षण वापरायचे असेल, तर दुकानात तिची जागा कोणती? किती मिळविले म्हणजे पुरे? हे प्रश्न दुकानात बोलले जात नाहीत, कारण गिऱ्हाईक समोर असते. घरात बोलले जात नाहीत, कारण सर्वजण ऐकत असतात. पुष्कळदा पत्नीच्या मनात उत्तर कधीचे तयार असते आणि कोणी विचारलेलेच नसते. शिवानंदेला विचारले गेले होते, तिला सोबत घेतले गेले होते, म्हणून त्या कथेत व्रत एका माणसाचे न राहता घराचे झाले.

पाळीवरून उठण्यापूर्वी दोघांनी मिळून एखादे छोटे परिमाण ठरवावे. वर्षातून इतके दिवस दुकान बंद ठेवायचे. धर्मादाय रकमेतील एक वाटा दरवर्षी एखाद्या गावाच्या मामा तलावातील गाळ काढण्यासाठी ग्रामसभेला विचारून द्यायचा. तलावाच्या जागेवरचा प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही. घरट्यासाठी बांधीचा तुकडा राखणाऱ्या शेतकऱ्याचे धान अगत्याने घ्यायचे. पर्युषणात यांतले किती पाळले गेले, याचा हिशेब त्याच वहीत मांडता येईल.

दुसऱ्या दिवशी पेढी नेहमीच्या वेळी उघडते. धानाची पोती उतरतात, काट्यावर वजन होते, पावती फाटते. पोत्याला आलेला ओलसर मातीचा वास कोणत्या पाण्याचा आहे, हे त्या दिवशी दोघांनाही ठाऊक असते.